सुतळीच्या दोन गाठी : पतसंस्थेतील एका लिपिक बाईंच्या डोळ्यांच्या ताणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एका गावात मी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करतो. डोळ्यांचा नंबर काढणे, चष्मा ठरवणे, डोळ्यांच्या हालचालींची आणि अश्रूंची प्राथमिक तपासणी करणे आणि आजाराची शंका आली तर नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवणे एवढे माझे काम. गावातले लोक मला डॉक्टरच म्हणतात आणि त्यांना दुरुस्त करण्याचा प्रयत्न मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिला आहे. पुढे मांडलेले प्रकरण एका पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईंचे असून, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते लिहिले आहे.

बाईंचे वय ४७. गेली वीसहून अधिक वर्षे त्या संस्थेत लिपिक आहेत. दिवाळीपर्यंत त्यांचे काम काउंटरवरचे होते. भरणा घेणे, पासबुक भरून देणे, संध्याकाळी पिग्मी एजंटांच्या भरण्याचा मेळ घालणे यांत दिवस जाई आणि संगणकासमोर बसणे एकूण तीन तासांच्या वर क्वचितच होई. दिवाळीनंतर संस्थेने नवी संगणकप्रणाली घेतली आणि जुन्या खतावण्यांतील सर्व खातेदारांची माहिती ३१ मार्चपूर्वी तीत भरण्याचे काम, अक्षर चांगले आणि चूक कमी या लौकिकामुळे, बाईंकडे आले. तीन तासांचे आठ तास झाले.

हे काम केवळ जास्त वेळाचे नव्हते, ते बारकाईचेही होते. अर्ध्या गावाची आडनावे तीन-चारच आहेत, मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांची खाती पुष्कळ आहेत आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची पद्धत असल्याने एकाच नावाचे दोन-तीन खातेदार सहज निघतात. एक उकार किंवा एक अनुस्वार चुकीचा वाचला गेला की नोंद भलत्याच्या खात्यावर जाण्याची भीती. त्यातच नव्या प्रणालीतील रकान्यांची उंची इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने ठेवलेली होती. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार येतात. म्हणजे एकाच ओळीत तीन मजले असतात. इंग्रजीला पुरेशा वाटणाऱ्या बारीक आकारात ते मजले एकमेकांत मिसळतात आणि वाचणारा नकळत पुढे झुकून, डोळे ताणून प्रत्येक शब्द सोडवू लागतो.

तक्रार आणि पहिली भेट

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाई आल्या तेव्हा त्यांच्या तक्रारी अशा होत्या : दुपारी तीननंतर डोळ्यांत चुरचुर, भुवयांवर जडपणा, पाच वाजेपर्यंत डोकेदुखी आणि घरी जाताना रस्त्यावरचे दिवे थोडा वेळ पसरलेले दिसणे. सकाळी यातले काहीच नसे. निळा प्रकाश अडवणारा म्हणून विकला जाणारा एक चष्मा त्यांनी मुलाकडून मागवून वापरून पाहिला होता, त्याने फरक पडला नव्हता. नंबर वाढला असावा अशी त्यांची खात्री होती.

नंबर खरोखरच थोडा बदललेला होता. दोन्ही डोळ्यांना दूरचा उणे ०.७५, सिलिंडर (बुबुळाच्या असमान वक्रतेसाठीचा नंबर) उणे ०.५०, आणि वयानुसार जवळच्या वाचनासाठी अधिक १.५० ची भर लागत होती. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होत जाते आणि जवळचे पाहण्यासाठी अशी भर द्यावी लागते. मी त्यांना प्रोग्रेसिव्ह काच लिहून दिली, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहण्याचा नेहमीचा सल्ला दिला आणि पंधरा मिनिटांत त्यांना मोकळे केले.

उठता उठता बाई म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, चष्मो काढलो काय जरा बरा वाटता." नवा चष्मा आला की तसे वाटणार नाही, असे उत्तर मी दिले. या संपूर्ण प्रकरणातील पहिला निर्णायक क्षण तो होता आणि तो मी घालवला.

दुसरी भेट

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. डोळ्यांच्या तक्रारी तशाच होत्या आणि त्यांत मानदुखीची भर पडली होती. प्रोग्रेसिव्ह काचेची सवय व्हायला काही दिवस लागतात, हे अशा वेळी देण्याचे तयार उत्तर माझ्या तोंडावर आलेही होते. पण त्यांनी बसल्या जागी आपण संगणकाकडे कसे पाहतो ते करून दाखवले. हनुवटी वर, मान मागे आणि डोळे काचेच्या खालच्या भागातून वर पाहणारे.

प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग दूरचे पाहण्यासाठी, खालचा वाचनासाठी आणि मधली अरुंद पट्टी हातभर अंतरासाठी असते. पडदा नजरेच्या वर असेल तर त्या पट्टीतून पाहण्यासाठी मान मागे टाकावीच लागते. मी दिलेला नंबर अचूक होता, पण तो माझ्या खोलीतल्या तक्त्याच्या आणि ४० सेंटीमीटरवर धरलेल्या वाचनकार्डाच्या अंतरासाठी अचूक होता. बाई कोणत्या अंतरावर काम करतात हे मी विचारलेच नव्हते.

विचारून नेमके उत्तर मिळणार नव्हते, कारण अंतराचा अंदाज कोणालाच नीट येत नाही. म्हणून मी त्यांना सुतळीचा एक तुकडा दिला आणि नेहमीसारखे बसून, डोळ्याच्या कडेपासून पडद्यापर्यंत एक गाठ आणि खतावणीपर्यंत दुसरी गाठ मारून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर सुतळी आली. एक गाठ ६५ सेंटीमीटरवर होती, दुसरी ३८ वर.

सुतळी टेबलावर ठेवल्यावर बाईंच्या त्या वाक्याचा अर्थ लागला. एक मीटरला अंतराने भागले की त्या अंतरावर डोळ्याला किती डायऑप्टरचे (चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात त्याचे) काम करावे लागते ते कळते. ६५ सेंटीमीटरला ते साधारण दीड येते. उणे ०.७५ चा नंबर असणारा माणूस चष्मा काढतो तेव्हा त्या दीडातले पाऊण डायऑप्टर त्याला आपोआप मिळतात, म्हणजे पडद्यापुरता त्याचा डोळा चष्म्याशिवायच जास्त आरामात असतो. बाईंनी पहिल्याच दिवशी मला त्यांच्या कामाचा नंबर जवळजवळ सांगून टाकला होता.

त्याच भेटीत मी अश्रूंची तपासणी केली, जी खरे तर आधीच व्हायला हवी होती. डोळा उघडा ठेवल्यावर अश्रूंचा थर फाटायला किमान दहा सेकंद लागावेत, बाईंचा पाच सेकंदांत फाटत होता. कागदाची पट्टी पापणीत पाच मिनिटे ठेवून पाहिली तर ती १३ मिलिमीटर भिजली, म्हणजे पाणी पुरेसे तयार होत होते पण टिकत नव्हते. पापण्यांच्या कडांवरील तेलग्रंथींची तोंडे जागोजागी बुजलेली दिसली. अश्रूंवर तेलाचा पातळ थर पसरून त्यांची वाफ होऊ न देणे हे या ग्रंथींचे काम आहे.

औषधांची चौकशी केली तेव्हा दोन गोष्टी बाहेर आल्या. जुन्या खतावण्यांच्या धुळीने शिंका येतात म्हणून बाई महिनाभर रोज रात्री ॲलर्जीची गोळी घेत होत्या, आणि या प्रकारच्या गोळ्यांनी डोळ्यांचा कोरडेपणा वाढू शकतो. दुसरी गोष्ट अधिक काळजीची होती. नणंदेच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब त्यांनी आठ-दहा दिवस डोळ्यांत घातले होते. त्या बाटलीत स्टेरॉईड होते. स्टेरॉईडच्या थेंबांनी लाली झटकन उतरते, म्हणून ते गुणकारी वाटतात. पण देखरेखीशिवाय वापरले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि फार काळ वापरले तर मोतीबिंदूही. बाईंना मी त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दाब १६ निघाला, जो १० ते २१ या नेहमीच्या मर्यादेत आहे. डोळ्याच्या आतला पडदा निरोगी होता आणि रक्तातील साखरही ठीक होती. साखर पाहणे गरजेचे होते, कारण ती वरखाली होत असेल तर दिवसभरात नजर कमीजास्त होते आणि तो संगणकाचा ताण समजला जातो.

जागेवर पाहिलेली परिस्थिती

जानेवारीतील एका शनिवारी दुपारी साडेतीनला मी पतसंस्थेत गेलो. वेळ मुद्दाम तीच निवडली होती. इमारत चिऱ्याची, जुनी, आणि बाईंची बसायची जागा पश्चिमेच्या खिडकीला पाठ करून. कोकणात पश्चिम म्हणजे दर्या. हिवाळ्यात दुपारी कलता सूर्य आणि पाण्यावरून परतणारा उजेड दोन्ही त्या खिडकीतून येऊन थेट संगणकाच्या पडद्यावर पडत होते. बाईंच्या स्वतःच्या डोक्याची सावली जिथे पडे तेवढाच भाग नीट वाचता येत होता. टेबलावर काच होती आणि तिच्यात ट्यूबलाइट दिसत होती.

मॉनिटर संगणकाच्या आडव्या पेटीवर ठेवलेला होता, त्यामुळे त्याची वरची कड बाईंच्या नजरेच्या चांगली वितभर वर गेली होती. याचा त्रास मानेपुरता राहत नाही. वर पाहताना डोळे जास्त उघडावे लागतात, डोळ्याचा अधिक भाग उघडा पडतो आणि अश्रू लवकर उडून जातात. खाली पाहताना पापणी निम्मी उतरलेली असते, तेच डोळ्याला मानवते.

आणि पंखा. उकाड्यावर उपाय म्हणून भिंतीवरचा पंखा नेमका बाईंच्या चेहऱ्यावर वळवून ठेवला होता. किनाऱ्यावरच्या दमट हवेत डोळे कोरडे पडतील कसे, असे व्यवस्थापकांनी मला विचारले आणि प्रश्न रास्त होता. हवेत पाणी कितीही असले तरी चेहऱ्यावर सतत झोत असला की डोळ्यालगतची ओलसर हवा तिथे थांबतच नाही. त्यात मिटणे कमी होते. गप्पा मारताना माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, पडद्यावर लक्ष लागले की ते प्रमाण निम्म्याच्याही खाली येते. बाजूला उभे राहून मी बाईंच्या पापण्या पाच मिनिटे मोजल्या, सरासरी मिनिटाला सहा आल्या, आणि त्यांतल्याही काही अर्धवट, वरची पापणी खालच्या पापणीला न टेकता परत गेलेल्या.

विचारात घेतलेले पर्याय

रजा किंवा कामाचे तास कमी करणे हा सर्वांत साधा उपाय होता आणि तो सर्वांत आधी बाद झाला. ३१ मार्च पुढे सरकत नाही.

निळ्या प्रकाशाच्या चष्म्याबद्दल व्यवस्थापकांचा आग्रह होता. संस्थेच्या खर्चाने सगळ्यांनाच घेऊ, असे त्यांचे म्हणणे होते. भावना चांगली होती. परंतु १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन अहवालात, साध्या काचांच्या तुलनेत या काचांमुळे डोळ्यांचा ताण कमी होतो असे दिसून आले नाही, निदान थोड्या काळाच्या वापरात तरी. पडद्यातून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडातील निळ्या प्रकाशापुढे फारच थोडा असतो, आणि त्या खोलीत तर खिडकीतून समुद्र आत येत होता. ते पैसे पडद्यांवर खर्च करा, म्हणजे खिडकीच्या पडद्यांवर, असे मी सुचवले.

बाईंची जागा बदलणे हा माझ्या मते पहिला उपाय होता. पडद्याच्या समोर किंवा मागे खिडकी नको, ती बाजूला असावी. मात्र काउंटरची रचना, वायरिंग आणि तिजोरीवरचा कॅमेरा यांमुळे टेबल हलवायला व्यवस्थापक तयार नव्हते. येथे मी अडून बसलो असतो तर कदाचित महिना वाया गेला असता. टेबल तिथेच ठेवून टेबलावरचे सगळे बदलायचे, अशी तडजोड झाली.

चष्म्याच्या बाबतीत दोन मार्ग होते. एक, वरचा भाग पडद्यासाठी आणि खालचा खतावणीसाठी असा बायफोकल. दुसरा, एकाच अंतराचा साधा चष्मा, आणि खतावणीच उचलून पडद्याच्या अंतरावर आणायची. दुसरा स्वस्त होता, मानेला सोपा होता आणि त्याने डोळ्यांची दोन अंतरांमधली दिवसभराची येजा थांबणार होती. आम्ही दुसरा निवडला.

आणखी एक पर्याय शिपायांनी सुचवला, जो माझ्या डोक्यात आला नसता : एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने भरायचे. संगणक नव्हते तेव्हा ताळेबंदाच्या वेळी असेच करत, असे ते म्हणाले. माणूसबळ थोडे असल्याने दिवसभर ते शक्य नव्हते, पण दुपारी तीन ते चार हा ग्राहकांचा ओसरता तास त्यासाठी ठरला.

प्रत्यक्ष केलेले बदल

पेटी टेबलाखाली गेली आणि मॉनिटर खाली उतरला, त्याची वरची कड नजरेच्या किंचित खाली आली. पडद्याचा मध्य नजरेच्या १५ ते २० अंश खाली असावा असे मानतात, तेवढे साधले. पोथी वाचताना ठेवतात तसा एक लाकडी स्टँड गावातल्या सुताराकडून फणसाच्या फळीचा करून घेतला आणि खतावणी त्यावर, पडद्याला लागून, उभी राहिली. खिडकीला जाड पडदा लागला, टेबलावरच्या काचेवर फिकट कापड अंथरले गेले, पंखा पायांकडे वळवला.

संगणकावर मजकुराचा आकार १२५ टक्के केला. प्रणालीच्या रकान्यांची उंची मात्र पुरवठादाराकडून बदलून यायला पाच आठवडे लागले. माझा अंदाज आहे की या एका बदलाचा वाटा बराच मोठा होता, कारण त्यानंतर बाईंचे पुढे झुकणे थांबल्याचे त्यांच्या सहकाऱ्यांनीच सांगितले.

नेत्रतज्ज्ञांनी कृत्रिम अश्रूंचे साधे थेंब दिवसातून चार वेळा आणि रात्री पापण्यांना आठ-दहा मिनिटे उबदार ओल्या कापडाचा शेक सांगितला. ॲलर्जीच्या गोळीऐवजी खतावण्या अंगणात झटकून घेणे आणि तोंडाला मास्क लावणे सुरू झाले.

वीस मिनिटांच्या नियमाचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. मोबाईलवर घंटा लावून दोन दिवस झाले, तिसऱ्या दिवशी रकमेची बेरीज अर्ध्यात असताना ती वाजली आणि बाईंनी ती कायमची बंद केली. वीस या आकड्यात काही जादू नाही, नजर अधूनमधून लांब जाणे आणि पापण्या पूर्ण मिटणे एवढाच त्याचा गाभा आहे. म्हणून खतावणीचे एक पान संपले की थांबायचे असे ठरवले. पान संपायला साधारण तेवढीच मिनिटे लागत. पान उलटायच्या आधी दहा वेळा डोळे सावकाश पूर्ण मिटायचे आणि मग दाराबाहेर पाहायचे. दाराबाहेर, खिडकीबाहेर नव्हे, कारण दुपारी चकाकणाऱ्या पाण्याकडे पाहून डोळा विसावत नाही, बारीक होतो. दारातून समोरची पोफळीची बाग दिसते आणि तिथे सावली असते.

परिणाम

ताणाचे मोजमाप म्हणून मी सोळा लक्षणांची एक प्रमाणित प्रश्नावली वापरतो, तीत सहा किंवा अधिक गुण आले तर संगणकाशी निगडित दृष्टित्रास आहे असे धरतात. जानेवारीत बाईंचे गुण १५ होते, फेब्रुवारीअखेर ७ झाले. रोजची डोकेदुखी आठवड्यातून एकदावर आली, मानदुखी त्याहून लवकर गेली. अश्रूंचा थर टिकण्याची वेळ पाचवरून आठ सेकंदांवर आली, म्हणजे सुधारली पण पूर्ववत झाली नाही.

मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत काम रात्री नऊपर्यंत चालले आणि बहुतेक लक्षणे परत आली. ते अपेक्षितच होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा ओसरली.

पावसाळ्यात वेगळीच अडचण निघाली. जूननंतर ढगांमुळे खोली अंधारी झाली, वीज गेली की इन्व्हर्टरवर एकच दिवा चाले आणि काळोखात संगणकाचा पडदा डोळ्यांवर येऊ लागला. जानेवारीत उजेड अडवण्यासाठी लावलेला पडदा आता बाजूला सारावा लागला आणि मॉनिटरची प्रखरता कमी करावी लागली.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या भेटीत किती वाजता त्रास होतो, कोणत्या अंतरावर काम आहे आणि डोळ्यांत काय घातले आहे, हे तीन प्रश्न मी विचारले असते तर महागडा प्रोग्रेसिव्ह चष्मा टळला असता आणि स्टेरॉईडची गोष्ट तीन आठवडे आधी कळली असती. तो चष्मा बाई आता बाहेर जाताना वापरतात, तेवढेच समाधान.

रकान्यांची उंची सोडली तर जवळजवळ सगळे बदल एकाच आठवड्यात केल्यामुळे कोणत्या बदलाने किती आराम पडला हे नेमके वेगळे काढता येत नाही. संस्थेतील इतर चार जणांसाठी काय आधी करावे असे व्यवस्थापकांनी विचारले तेव्हा मला ठाम उत्तर देता आले नाही. तरीही माणूस रोज दुखण्यात असताना एकेक बदल पंधरा दिवसांच्या अंतराने करून पाहणे मला योग्य वाटले नसते. इतरांसाठी मी पंखा आणि मॉनिटरची उंची सुचवली, कारण दोन्हीला खर्च नाही.

साध्या चष्म्याचा निर्णय मात्र अर्धाच बरोबर ठरला. १९९० च्या आधीच्या खतावण्यांची शाई इतकी फिकी होती की बाईंना त्या स्टँडवरून उचलून जवळ धराव्याच लागत. ऑगस्टमध्ये आम्ही शेवटी बायफोकल केला. ती पाने जानेवारीत मी स्वतः पाहिली होती, पण तेव्हा माझे सगळे लक्ष खिडकीकडे होते.

आणखी एक गोष्ट बाकी आहे. नजर अचानक जाणे, डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होणे, एकाचे दोन दिसणे किंवा लालीबरोबर तीव्र दुखणे यांपैकी काही असते तर सुतळी, स्टँड आणि पंखा यांत एक दिवसही घालवणे चूक ठरले असते. बाईंना यांतले काही नव्हते हे मी दुसऱ्या भेटीत विचारून घेतले. माझ्या तपासणीच्या कागदावर आता हे प्रश्न सर्वांत वर छापलेले आहेत, आणि त्यांच्याखाली दोन रिकाम्या जागा : पडद्याचे अंतर, कागदाचे अंतर. सुतळीचे गुंडाळे खणात असते.